अंगठा तुटलेला फ्लिंट आणि पाय ढिले झालेला ही-मॅन

नव्वदच्या दशकात वाढलेल्या आमच्या पिढीच्या घरांचे माळे सध्या धडाधड रिकामे होतायत. कोणाचा वाडा रीडेव्हलपमेंटला गेलाय, कोणी जुन्या नाशकातून गंगापूर रोडला नाहीतर पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतलाय, आणि सामान काढताना पत्र्याच्या डब्यातून, दप्तरातून, आईच्या जुन्या पर्समधून ही खेळण्यातली प्लॅस्टिकची माणसं बाहेर येतायत, पावणेचार इंची जी. आय. जो, जाडजूड मांड्यांचे ही-मॅन आणि त्याचा शत्रू स्केलेटर, कोणाचा हात गायब, कोणाची कंबर लोंबतेय, बंदुका तर शंभरातल्या एकाकडेही नसतात. मग फोन येतो, अरे तू ते दुरुस्त करतोस ना, जरा बघ ना काही होतंय का. होतं, बहुतेक वेळा होतं, आणि त्याला लागणारं जवळजवळ सगळं सामान आपल्या नाशकातच मिळतं, फक्त ते खेळण्यांच्या दुकानात मिळत नाही एवढंच. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढावं.

आधी हे काय आहे ते थोडक्यात. हॅसब्रो या अमेरिकन खेळण्यांच्या कंपनीने १९६४ मध्ये काढलेला मूळ जी. आय. जो, म्हणजे खेळण्यातला सैनिक, बारा इंची होता, आपण ज्याच्याशी खेळलो तो पावणेचार इंची जो १९८२ चा. १९८३ पासून त्याचा हात कोपराच्या वर गोल फिरायला लागला, म्हणजे दोन्ही हातात बंदूक धरता यायला लागली. आपल्याकडे तो फनस्कूलने आणला, ही कंपनी १९८७ मध्ये एमआरएफ आणि हॅसब्रोच्या भागीदारीतून सुरू झाली, आणि गंमत म्हणजे साचे हॅसब्रोचेच पण रंग मात्र इथले, त्यामुळे अमेरिकेत खाकी असलेला माणूस आपल्याकडे भलत्याच रंगाची पँट घालून यायचा. त्या रंगांसाठीच आज बाहेरच्या देशातले कलेक्टर फनस्कूलचे पीस शोधत असतात. ही-मॅन मॅटेल या दुसऱ्या कंपनीचा, तोही १९८२ चाच, आणि आपल्याकडे तो लिओ कंपनीच्या नावाने मिळायचा. हे सांगायचं कारण असं की लोकांना वाटतं भारतात बनलेलं म्हणजे डुप्लिकेट, त्याला काय किंमत. तसं अजिबात नाहीये. ते अधिकृत आहेत, आणि काही रंग तर जगात दुसरीकडे कुठे आलेच नाहीत, म्हणून हातात आल्या आल्या घासूनपुसून रंगवायला घेऊ नका.

माझा या कामातला नियम एकच आहे आणि मी त्याच्यावर अडून असतो. जेवढं तुटलंय तेवढंच दुरुस्त करायचं, आणि केलेलं लपवायचं नाही. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी पोराने ओढून ओढून घासलेला रंग असतो ना, नाकावरचा, बुटाच्या टोकावरचा, तो तसाच राहू द्यायचा. तो उभा राहिला पाहिजे, बसला पाहिजे, हातात बंदूक धरता आली पाहिजे, बस. नवीन दिसायची गरज नाही.

आता सगळ्यात जास्त येणारी केस, कमरेतून सुटलेला जो. लोकांना वाटतं माणूस तुटला. तो तुटलेला नसतो, त्याच्या पोटातली रबराची रिंग गेलेली असते. या माणसाच्या छातीचे दोन भाग असतात, पुढचा आणि मागचा, पाठीवर बॅग अडकवायचं जे भोक असतं त्याच्या आत एक छोटा स्क्रू असतो, तो काढला की छाती उघडते, डोकं आणि दोन्ही हात सुटे होतात. दोन्ही पाय एका धातूच्या हुकाला लागलेले असतात, तो हुक कमरेच्या तुकड्यातून वर येतो, आणि त्या हुकापासून छातीतल्या खुंटीपर्यंत एक काळी ओ-रिंग ताणलेली असते. पूर्ण माणूस त्या एका रिंगवर उभा असतो. रबर जुनं झालं की कडक होतं, तडकतं, आणि एक दिवस माणूस दोन तुकड्यांत हातात येतो.

ही रिंग ऑनलाइन सेटमध्ये मिळते, महाग पडते. आपल्याकडे सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीमुळे ऑइल सील, बेअरिंग, ओ-रिंगची दुकानं भरपूर आहेत, तिथे जा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काउंटरवरच्या काकांनी विचारलं, कोणत्या मशीनला लागते? म्हटलं काका मशीन नाही, खेळणं आहे, आतला व्यास साडेबारा मिलिमीटर आणि जाडी पावणेदोन. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, भिंतीवरच्या खिळ्याला लटकवलेल्या जुडग्यातून एक रिंग काढली, व्हर्निअरमध्ये, म्हणजे बारीक माप घ्यायच्या पट्टीत, धरली, माझ्यासमोर आकडा दाखवला आणि म्हणाले, नायट्राइल देऊ का सिलिकॉन? ही रबराची दोन प्रकारं, आणि हा प्रश्न खरंच महत्त्वाचा आहे बरं का. सिलिकॉन वर्षानुवर्षं मऊ राहतं पण त्याला जरा कट लागला की फाटत जातं, आणि इथे ती धातूच्या हुकावर घासते. नायट्राइल हळूहळू म्हातारं होतं पण चिवट असतं. ज्याच्याशी पोरं खेळणार त्याला मी नायट्राइल टाकतो, नुसता शोकेसमध्ये उभा राहणार असेल तर सिलिकॉन. आणि जाडीचा मोह टाळा. जाड रिंग टाकली की माणूस एकदम घट्ट उभा राहतो, बघून बरं वाटतं, पण तो सगळा ताण कमरेच्या तुकड्यावर येतो आणि दोन पायांच्या मधली ती बारीक पट्टी तडकते, आणि ती तडकली की मग खरं दुखणं सुरू होतं.

स्क्रू परत लावताना एक गोष्ट नक्की करा. सरळ पिळायला सुरुवात करायची नाही, आधी उलटा फिरवायचा, अगदी हलक्या हाताने, एका जागी टक्क असं बोटाला जाणवतं, म्हणजे स्क्रू जुन्या आट्यात बसला, मग तिथून सुलटा फिरवायचा. थेट पिळला तर तो प्लॅस्टिकमध्ये नवीन आटे कापतो आणि दोन-तीनदा असं झालं की भोक मोठं होऊन स्क्रू नुसता फिरत राहतो. आणि शेवटी जोर लावायचा नाही, छातीचे दोन भाग टेकले की थांबायचं. पावसाळ्यातल्या दमटपणामुळे काही स्क्रू इतके गंजलेले असतात की डोक्याची खाचच उरत नाही, अशा वेळी सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्याला दोन-तीन सेकंद टेकवायचं, आजूबाजूचं प्लॅस्टिक जरा सैल होतं आणि मग निघतो. दोन-तीन सेकंदच, त्याहून जास्त नाही. गंजलेला स्क्रू परत लावू नका, त्याच मापाचा स्टीलचा टाका.

दुसरी नेहमीची केस म्हणजे अंगठा. जी. आय. जो चा अंगठा म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, आणि सगळी बंदूक त्याच्यावर धरलेली. नवीन असताना प्लॅस्टिक थोडं लवचिक असतं, वय झालं की ते कडक होतं, आपण लहानपणीच्या सवयीने बंदूक खसकन दाबतो आणि अंगठा उडतो. याला उपाय करण्याआधी टाळायचं कसं ते सांगतो: हात कोमट ते गरम पाण्यात अर्धा मिनिट धरा, उकळतं नको, मग बंदूक बाजूने सरकवत बसवा आणि काढतानाही असंच. जुन्या माणसाच्या हातात थंडीच्या दिवसांत कोरडी बंदूक कधीच कोंबू नका, आपल्याकडे जानेवारीत पहाटे किती गार असतं ते माहितीच आहे.

तुटलाच असेल तर काय. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे दुसऱ्या निकामी पीसचा हात लावणे, छाती उघडली की हात आपोआप निघतोच. पण फनस्कूलच्या रंगांमुळे हात जुळणं अवघड, म्हणून मी नवीन अंगठा घडवतो. माझ्याकडे आत्ता एक फ्लिंट होता, जी. आय. जो मधलाच काळी टोपीवाला, मूळ १९८५ चा साचा, उजवा अंगठा साफ गेलेला. आधी तुटलेली जागा आठशे नंबरच्या पॉलिश पेपरने हलकीशी सपाट केली. मग अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडलं, हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने, अशी हत्यारं सोनारकामाची म्हणून सराफ बाजाराच्या आजूबाजूला मिळतात आणि ती हॉबीच्या नावाखाली विकतात त्यापेक्षा खूप चांगली असतात. त्या भोकात तारेचा तुकडा, बाहेर दीड मिलिमीटर ठेवून. हा झाला हाडाचा सांगाडा, आता त्याच्यावर मांस चढवायचं.

इथे सगळेजण फेवीक्विक काढतात आणि मी हात जोडून सांगतो, नका. ते घट्ट धरतं पण ठिसूळ असतं, अंगठ्यासारख्या वाकणाऱ्या जागी परत तुटतं, आणि वाळताना त्याची वाफ आजूबाजूला पांढरा धुरकट थर धरते, काळ्या किंवा हिरव्या प्लॅस्टिकवर तो डाग कायमचा दिसत राहतो. या माणसांचे हात-छाती एबीएस प्लॅस्टिकचे असतात आणि एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळतं, तर त्याचाच उपयोग करायचा. जुन्या कीबोर्डच्या बऱ्याच की एबीएसच्या असतात, त्याचे बारीक तुकडे काचेच्या छोट्या बाटलीत टाकायचे, वर ॲसिटोन, झाकण घट्ट, रात्रभर ठेवायचं, सकाळी पातळ मधासारखी पेस्ट तयार असते. रंग जवळचा हवा असेल तर त्या रंगाचं प्लॅस्टिक निवडायचं, म्हणजे नंतर रंगवावंही लागत नाही. ही पेस्ट सुईच्या टोकाने थेंब थेंब तारेवर चढवायची, एक थर वाळल्यावर दुसरा, घाई केली तर आत फुगे राहतात. वाळताना ती आकसते, म्हणून थोडा मोठाच अंगठा घडवून दुसऱ्या दिवशी कानशीने आकार द्यायचा. हे नुसतं चिकटणं नसतं, प्लॅस्टिक प्लॅस्टिकमध्ये वितळून एकजीव होतं, त्यामुळे जोड पक्का बसतो. हे करताना खिडकी उघडी, गॅस बंद, देवापुढचा दिवासुद्धा त्या खोलीत नको, ॲसिटोन फार पटकन पेट घेतं. आणि ते माणसाच्या रंगावर पडलं तर रंग गेलाच समजा.

ही-मॅनचं सगळंच वेगळं. त्याचे पाय मऊ रबरासारख्या पीव्हीसीचे, आणि आतून रबराच्या आधारावर ओढून धरलेले असतात, तो आधार सैल झाला की पाय लटपटतात आणि तो उभाच राहत नाही, पुढे पडतो. डोकंही मऊ आणि पोकळ असतं, ते काढायचं असेल तर गरम पाण्यात मिनिटभर बुडवून हळू फिरवत ओढायचं, रंगाला नखं लावायची नाहीत. कमर फिरवून सोडली की तो ठोसा मारतो, ती आतली स्प्रिंग बहुतेकवेळा ठीकच असते, उगाच छाती उघडायला जाऊ नका कारण त्याची छाती स्क्रूची नाही, चिकटवलेली आहे, उघडली की कडा खराब होतेच.

मऊ प्लॅस्टिकचा आजार म्हणजे चिकटपणा. डब्यातून काढल्यावर हाताला तेलकट चिकट लागतं, लोकांना वाटतं कुठलंतरी तेल सांडलंय. ते प्लॅस्टिकच्या आतून येतं, पीव्हीसी मऊ ठेवायला त्यात जे घातलेलं असतं ते वर्षांनुवर्षं बाहेर पाझरतं. भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवायचं, जुन्या मऊ टूथब्रशने, स्पिरिट वगैरे लावायचं नाही. महिन्यांनी परत चिकट होईल, परत धुवा, त्याला कायमचा इलाज नाही. पण त्याच्यामुळे एक फार वाईट गोष्ट होते, हे मऊ भाग कडक प्लॅस्टिकला चिटकून वर्षभर पडले तर कडक प्लॅस्टिक वितळायला लागतं. ही-मॅनचा पाय आणि जो चा चेहरा एका डब्यात एकमेकाला टेकून ठेवलेले मी बघितलेत, गालावर कायमचा खड्डा. थर्मोकोलमध्येही ठेवू नका, त्याच कारणाने. प्रत्येकाला वेगळी पिशवी, पातळ पॉलिथिनची चालते, आणि पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल. माणूस रबरबँडने बांधून ठेवू नका, जूनमधला दमटपणा आणि मेमधलं ऊन दोन्ही मिळून ते रबर अंगावर वितळवून सोडतात.

पांढरे भाग पिवळे पडतात, जी. आय. जो मधल्या स्टॉर्म शॅडोसारख्या पांढऱ्या निन्जाचं तर हमखास. त्याच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा उपाय सगळीकडे सांगतात, पार्लरच्या सामानाच्या दुकानात १२ टक्क्यांचं ४० व्हॉल्यूम डेव्हलपर क्रीम मिळतं, ते लावून उन्हात ठेवायचं. काम करतं, हे खरं. पण क्रीम एप्रिलच्या उन्हात जागोजागी वाळतं आणि पट्टे पट्टे उठतात, त्यामुळे करायचंच असेल तर काचेच्या बरणीत पातळ पेरॉक्साइडमध्ये पूर्ण बुडवून, सकाळच्या उन्हात, दर तासाला बघत, हातात ग्लोव्हज आणि डोळ्याला चष्मा घालून. आणि पिवळेपणा काही काळाने परत येतो. माझं मत स्पष्ट आहे, हलका पिवळा असेल तर सोडून द्या. एक हात पांढरा आणि छाती पिवळी असं विचित्र दिसत असेल तरच हात लावा.

आता ज्याच्यासाठी सगळ्यांची धडपड असते ते, बंदुका, बॅगा, हेल्मेट, तलवारी. ही-मॅनसोबत तलवार, कुऱ्हाड, ढाल आणि छातीवरचा तो राखाडी पट्टा यायचा, आणि तलवार अर्धीच असायची, एका बाजूने सपाट, कारण स्केलेटरची जांभळी अर्धी तलवार तिला जोडली की पूर्ण तलवार व्हायची. किती जणांना लहानपणी हे माहीतच नव्हतं, आपली तलवार तुटकी आलीय असं वाटायचं! मूळ सामान हवं असेल तर गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात जुन्या वस्तूवाल्यांकडे चक्कर मारत राहायची. त्यांच्याकडे माणसं कमी पण प्लॅस्टिकच्या खेळण्यांचे मिश्र ढीग असतात आणि त्यात तळाशी बंदुका असतात कारण त्या कोणाला ओळखू येत नाहीत. मावशी, हा सगळा ढीग केवढ्याला, असं विचारायचं, एक एक निवडत बसलं की भाव वाढतो.

नाही मिळालं तर साचा काढून बनवायचं. हे काम मी गणपतीच्या मूर्तीचं काम करणाऱ्या एका कारागिराकडे बसून शिकलो, त्यांच्याकडे साच्याचं ज्ञान आपल्यापेक्षा पिढ्यांनी पुढे आहे. मूळ बंदूक अर्धी क्लेमध्ये रुतवायची, चारी बाजूने भिंत, वरून दोन भागांचं सिलिकॉन मिसळून ओतायचं, उद्या उलटं करून क्ले काढायची, सिलिकॉनच्या कडेला व्हॅसलीन लावून दुसरा अर्धा ओतायचा. व्हॅसलीन विसरलात तर दोन्ही अर्धे भाग एकमेकाला चिकटून एकच ठोकळा होतो. आणि प्लॅटिनम क्युअर या प्रकारचं सिलिकॉन घेतलं असेल तर क्ले बघून घ्या, काही क्लेमध्ये गंधक असतं आणि त्याला लागून सिलिकॉन सेटच होत नाही, चिकट राहतं. मग साच्यात रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं पातळ प्लॅस्टिक. रंग रेझिनमध्येच मिसळायचा, वरून मारायचा नाही, कारण वरचा रंग हातात बसवताना खरवडून निघतो. लांब नळीच्या बंदुकीत आत बारीक तार ठेवायची नाहीतर नळी मोडते.

पण रेझिन मूळ प्लॅस्टिकपेक्षा कडक असतं. मूळ बंदुकीची मूठ थोडी दबते, रेझिनची दबत नाही, आणि मग ती कोणाला मोडते? अंगठ्याला. म्हणून रेझिनच्या बंदुकीची मूठ पॉलिश पेपरने घासून थोडी बारीक करायचीच करायची. इतक्या कष्टाने अंगठा घडवायचा आणि आपल्याच बंदुकीने मोडायचा, असं कोणाचं होऊ नये.

आणि खूण. मी बनवलेल्या प्रत्येक बंदुकीवर, बॅगेवर, आतल्या बाजूला एक छोटा ठिपका असतो, साच्यातच कोरलेला, पुसता येत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आज मी एकाला हौसेने देतो, दहा वर्षांनी तो विकतो, त्यानंतरचा घेणारा मूळ समजून चार पट पैसे देतो, आणि अशा फसवणुकीने किती जण या नादातून कायमचे बाहेर गेलेत ते मी बघितलंय. ओळखीतल्या एका मुलाला ऑनलाइन एका विक्रेत्याने मूळ म्हणून पूर्ण सेट विकला, आला तेव्हा सगळ्या बंदुका नक्षीला बोथट आणि मूळपेक्षा किंचित लहान होत्या. हीच ओळख आहे, साचा आणि रेझिन दोन्ही थोडे आकसतात म्हणून नक्कल नेहमी जरा लहान निघते, शेजारी मूळ ठेवून व्हर्निअरने मोजलं की कळतं. अंगठा नवीन असेल, रिंग नवीन असेल, तर विकताना लिहून द्या. किंमत कमी येईल, येऊ द्या.

सध्या टेबलावर हाच फ्लिंट आहे, अंगठा झालाय, रिंग झालीये, शॉटगन कोणीतरी दिली, बॅग नाहीये. फनस्कूलची मूळ हिरवी बॅग नाशकात कोणाकडे असेल तर मला विकत नकोय, फक्त एका दिवसासाठी साच्याला हवीये. सिलिकॉन प्लॅस्टिकला चिकटत नाही, रंगही ओढत नाही, स्टिकर असेल तर मात्र मी घेणार नाही कारण ते निघू शकतं. समोर बसून ओता म्हणालात तर तुमच्यासमोर ओततो, आणि तुमची बॅग परत देताना साच्यातून निघालेली पहिली ठिपकेवाली बॅग तुम्हालाच.